मुलाचा कायदेशीर बाप कोण? कलम ११६, डीएनए चाचणी आणि जन्मदाखला

तारीख_पुढची (धागाकर्ता)

पोटगीच्या धाग्यावर गाडी रुळावरून उतरली, म्हणून हा वेगळा धागा काढतोय. तिथे तीन समज पुन्हा पुन्हा येत होते. जन्मदाखल्यावर नाव असेल तो बाप, डीएनए जुळला नाही की नवरा सुटला, आणि राजपत्रात नाव बदललं की बापही बदलतो. तिन्ही चूक.

आपल्याकडे बाप ठरतो तो आधी कॅलेंडरवर. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात हे कलम ११२ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यात ते ११६ झालं. आशय तोच. आईचं वैध लग्न चालू असताना मूल जन्मलं, किंवा लग्न संपल्यापासून २८० दिवसांच्या आत जन्मलं आणि तोवर आईने दुसरं लग्न केलेलं नसेल, तर ते मूल त्या नवऱ्याचं औरस (कायद्याने वैध) मूल असल्याचा हा 'निर्णायक पुरावा'. यातून निसटायला कलमात एकच दार आहे. गर्भ राहू शकला असता त्या काळात नवरा-बायकोला एकमेकांपर्यंत पोचणंच शक्य नव्हतं, हे दाखवायचं. कोर्टात सगळे याला नॉन-अ‍ॅक्सेस म्हणतात, मीही तेच म्हणेन.

'निर्णायक पुरावा' हे शब्द शोभेला नाहीत. एरवी कोर्ट एखादी गोष्ट गृहीत धरतं आणि समोरच्याला ती खोडायची मुभा देतं. इथे पायाभूत गोष्टी (लग्न, जन्मतारीख) सिद्ध झाल्या की ती खोडायला पुरावाच घेतला जात नाही. नॉन-अ‍ॅक्सेस तेवढा अपवाद.

लग्न होतं का हे कलम बघतं जन्माच्या वेळी, गर्भ राहिला त्या वेळी नाही. लग्नानंतर चौथ्या महिन्यात मूल झालं तरी ते नवऱ्याचंच धरलं जातं. ज्या नवऱ्याला लग्नाच्या वेळी बायको दुसऱ्याकडून गरोदर असल्याचं माहीत नव्हतं, त्याला हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली लग्न रद्द करून मागता येतं. पण अर्ज लग्नापासून एका वर्षाच्या आत हवा, आणि कळल्यानंतर राजीखुशीने सहवास झालेला नसावा. वर्ष उलटल्यावर धावाधाव करून उपयोग नाही.

जुने चालू दावे कलम ११२ खालीच चालतात, त्यामुळे अर्जात कुठला आकडा टाकायचा ते दावा कधीचा आहे त्यावर ठरवा.

धाग्याचा एकच नियम: निकालातल्या पक्षकारांची नावं लिहू नका. साल किंवा सायटेशन (निकालसंग्रहाचं साल, खंड, पान) द्या, शोधणाऱ्याला तेवढं पुरतं. स्वतःची केसही इथे मांडू नका.

शंकासुर

२८० दिवस कुठून मोजायचे? वेगळे राहायला लागल्यापासून, की अर्ज टाकल्यापासून?

तारीख_पुढची

दोन्ही नाही. लग्न संपलं त्या दिवसापासून, म्हणजे घटस्फोटाच्या हुकूमनाम्यापासून किंवा नवऱ्याच्या मृत्यूपासून. समजा हुकूमनामा १० मार्च २०२५ चा आहे. मार्चचे उरलेले २१ दिवस, एप्रिलअखेर ५१, मेअखेर ८२, जूनअखेर ११२, जुलैअखेर १४३, ऑगस्टअखेर १७४, सप्टेंबरअखेर २०४, ऑक्टोबरअखेर २३५, नोव्हेंबरअखेर २६५. डिसेंबरचे १५ धरले की २८०. म्हणजे १५ डिसेंबर २०२५ पर्यंत मूल झालं आणि बाईने लग्न केलेलं नसेल, तर बाप आधीचा नवरा. १६ तारखेला झालं तर कलमाचं गृहीतक लागत नाही. मात्र बाप दुसराच आहे असंही त्यातून ठरत नाही, मग साधा पुरावा द्यावा लागतो.

दरम्यान बाईने दुसरं वैध लग्न केलं आणि मूल त्या लग्नात जन्मलं, तर दुसरा नवरा बाप. वेगळं राहणं, अर्ज प्रलंबित असणं, न्यायिक विभक्ततेचा हुकूम, यातल्या कशानेही लग्न संपत नाही.

वकीलसाहेब_निपाणीकर

आणि नोटरीची फारकत! तीही घाला यात. कोर्टाच्या बाहेर बसून पाचशेच्या स्टँपवर 'आजपासून उभयतांचा काही संबंध राहिला नाही' असं लिहून देतात, दोन साक्षीदार, गोल शिक्का, झालं. हिंदू विवाह कायद्याखाली असा कागद म्हणजे घटस्फोट नव्हे. ज्या समाजात रूढीने फारकत चालते तिथे कलम २९(२) ती वाचवतं, पण ती रूढी जुनी, अखंड आणि नेमकी आहे हे सांगणाऱ्याने पुराव्याने सिद्ध करायचं असतं. नुसतं 'आमच्यात चालतं' म्हणून भागत नाही.

आता परिणाम बघा. फारकत कुचकामी, म्हणजे पहिलं लग्न चालू. त्या बाईने दुसरा संसार थाटला, तिथे मूल झालं. दुसरं लग्न मुळात अवैध, म्हणून कलम ११६ चं 'वैध लग्न' कुठलं? पहिलं. कागदोपत्री बाप पहिला नवरा, जो मुलाला ओळखतही नाही! त्याच्या जमिनीवर वारसनोंदीची वेळ आली की मग दोन्ही घरांत बोंबाबोंब. इथे नॉन-अ‍ॅक्सेस सिद्ध होतो बहुधा, कारण दोघं वेगवेगळ्या गावांत नांदत असतात. पण ते करावं लागतं, आपोआप होत नाही.

शंकासुर

वेगळ्या गावात राहणं म्हणजे नॉन-अ‍ॅक्सेस?

तारीख_पुढची

नुसतं तेवढं नाही, आणि बहुतेक अर्ज याच ठिकाणी आपटतात. अ‍ॅक्सेस म्हणजे प्रत्यक्ष संबंध नव्हे, संबंधाची संधी. नवरा पुण्याला, बायको माहेरी सांगलीला, पण दिवाळीला दोन दिवस एका घरात होते, की अ‍ॅक्सेस आला. 'आमचं बोलणं बंद होतं', 'एका छताखाली पण वेगळ्या खोलीत' हे कोर्ट ऐकत नाही. सिद्ध करायचा भार नेहमीच्या दिवाणी दाव्यापेक्षा जड, फौजदारीतल्या 'निःसंशय'पेक्षा हलका. हे सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या निकालात आहे, (२००१) ५ एससीसी ३११ (एससीसी म्हणजे 'सुप्रीम कोर्ट केसेस' हा निकालसंग्रह).

म्हणून कागद हवेत, आणि ते एकेका तारखेचे नकोत, सलग काळाचे हवेत. परदेशी नोकरी असेल तर पासपोर्टच्या सगळ्या पानांची प्रत, येण्या-जाण्याचे शिक्के धरून. बोटीवरची नोकरी असेल तर सीडीसी पुस्तिकेतल्या (खलाशाच्या नोंदवहीतल्या) चढण्या-उतरण्याच्या नोंदी. फौजेत असेल तर युनिटचा रजेचा तक्ता, तुरुंगात असेल तर कारागृहाचा दाखला. सोनोग्राफीचा पहिल्या तिमाहीतला रिपोर्ट मिळाला तर गर्भ कधी राहिला त्याचा अंदाज आठवड्यापर्यंत खाली येतो. नाहीतर जन्मतारखेवरून मागे मोजताना मूल अपुऱ्या दिवसांचं होतं का हा वाद निघतो, आणि पट्टा रुंदावतो. पट्टा रुंद झाला की मध्ये एखादी सुट्टी सापडतेच.

घाईत_आहे

एवढं सगळं कशाला? डीएनए करा, दोन आठवड्यांत निकाल.

तारीख_पुढची

चाचणी होईल हो, हुकूम कोण देणार? १९९३ चा निकाल, (१९९३) ३ एससीसी ४१८. रक्तचाचणीचा आदेश सहजासहजी द्यायचा नाही, 'बघू काय निघतं' असल्या अर्जांना थारा नाही, नवऱ्याने आधी नॉन-अ‍ॅक्सेसची प्रथमदर्शनी बाजू मांडायला हवी, मूल अनौरस ठरण्याचा आणि आईवर डाग लागण्याचा परिणाम तोलायला हवा, आणि नमुना देण्याची कुणावर सक्ती करता येत नाही. तीसेक वर्षं या अटी उद्धृत होताहेत. २००३ मध्ये कोर्टाने वैद्यकीय तपासणीचा आदेश देता येतो आणि नकार दिला तर विरुद्ध अनुमान काढता येतं असं म्हटलं. २०१० मध्ये 'निकडीची गरज' ही कसोटी आली, म्हणजे चाचणीशिवाय वादाचा निकाल लागूच शकत नाही अशी अवस्था हवी.

आणि २० फेब्रुवारी २०२३ चा निकाल तर आपल्याच राज्यातला. पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयाने मुलाची चाचणी करायला सांगितलं, उच्च न्यायालयाने ते कायम केलं, सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध करून घटस्फोट हवा होता. कोर्ट म्हणालं, व्यभिचार दुसऱ्या पुराव्याने सिद्ध कर, त्यासाठी मुलाचं पितृत्व पणाला लावू नकोस. नवऱ्याने आधी खाजगीरीत्या करून घेतलेली चाचणी होती, तिने काही साधलं नाही. त्यामुळे कुरियरने मागवलेलं किट, मुलाच्या टूथब्रशवरून काढलेला नमुना वगैरे उद्योग करू नका. पैसे जातात, आणि उलटतपासणीत उत्तरं देता देता नाकी नऊ येतात.

पिपेट

चाचणीच्या बाजूने थोडं, कारण इथे 'जुळला / नाही जुळला' असं स्विचसारखं बोललं जातंय.

कोर्टाच्या आदेशाने होते तेव्हा आई, मूल आणि कथित बाप तिघांनाही एकाच वेळी बोलावतात. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत दोन-तीन मिलिलिटर रक्त, किंवा गालाच्या आतून स्वॅब. प्रत्येकाचा फोटो, अंगठा, ओळखपत्र, सही असलेला फॉर्म, आणि सील. महाराष्ट्रात न्यायसहायक प्रयोगशाळेचं मुख्यालय मुंबईत कलिन्याला, प्रादेशिक शाखा नागपूर, पुण्यासारख्या ठिकाणी. रिपोर्ट हाणून पाडायचा तर वकील विज्ञानावर जात नाहीत, सीलवर जातात. नळीवरचा क्रमांक आणि फॉर्मवरचा क्रमांक वेगळा निघाला की संपलं.

आता वाचायचं कसं. डी-३-एस-१३५८ नावाची डीएनएवरची एक जागा घ्या. तिथे एक छोटा तुकडा सलग किती वेळा येतो ते मोजतात; प्रत्येकाकडे दोन आकडे, एक आईकडून, एक बापाकडून. मुलाकडे १५ आणि १७, आईकडे १५ आणि १६. मुलाला १५ आईकडून आलं, म्हणजे १७ बापाकडूनच यायला हवं. कथित बापाकडे १४ आणि १८ निघाले. जुळलं नाही. पण १७ आणि १८ मध्ये एकाच पायरीचा फरक आहे, आणि पिढी बदलताना एक पायरी सरकणं हे उत्परिवर्तनाने (डीएनएतल्या आपसूक बदलाने) होऊ शकतं. म्हणून एका जागेवर न जुळणं म्हणजे 'बाप नाही' नव्हे. पंधरा-वीस किंवा जास्त जागा तपासतात, आणि सर्वसाधारणपणे तीन किंवा अधिक जागी विसंगती असेल तरच वगळतात. जुळलं तर ९९.९९ टक्क्यांच्या पुढची शक्यता लिहितात, शंभर कधीच लिहीत नाहीत.

दोन गोष्टी फॉर्मवर आवर्जून सांगायच्या. कथित बापाचा सख्खा भाऊही संशयाच्या कक्षेत असेल तर आधी सांगा, भावाभावांत बरंच साम्य असतं आणि मग जास्त जागा तपासाव्या लागतात. आणि कुणाचं अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं असेल तर रक्तात दात्याचा डीएनए दिसतो.

कथित बाप वारलेला असेल आणि मूल मुलगा असेल तर वाय-गुणसूत्राची चाचणी काका, चुलतभाऊ, आजोबा यांच्याशी करता येते. पण ती फक्त 'या घराण्याच्या पुरुष वंशातला' एवढंच सांगते. बाप की काका, ते सांगत नाही.

वकीलसाहेब_निपाणीकर

तारीख_पुढची, तुम्ही एक बाजू दाखवताय. २०१४ चा निकाल कुठे गेला? (२०१४) २ एससीसी ५७६. नागपूरच्या प्रयोगशाळेने नवऱ्याला वगळलं, बायकोने आक्षेप घेतल्यावर हैदराबादच्या केंद्रीय प्रयोगशाळेत फेरचाचणी, तिथेही वगळलं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, कलम ११२ लिहिलं गेलं तेव्हा डीएनए कुणाच्या स्वप्नातही नव्हता. गृहीतक आणि शास्त्रीय सत्य समोरासमोर आले तर सत्य वरचढ. मुलीच्या पोटगीतून नवरा सुटला. माझ्या अशिलांना मी हाच निकाल दाखवतो.

तारीख_पुढची

दाखवा की, पण पूर्ण दाखवा. त्या खटल्यात रिपोर्ट आधीच रेकॉर्डवर होते, आणि नवऱ्याने सहवास नव्हता हे मुळापासून मांडलं होतं. दिलेली पोटगी परत मिळणार नाही हेही त्याच निकालात आहे. म्हणजे रिपोर्ट आल्यावर काय, याचं ते उत्तर. रिपोर्ट मागायचा की नाही, ही पायरी त्याआधीची, आणि तिथे १९९३ पासून २०२३ पर्यंतची सगळी रांग उभी आहे.

२००१ च्या निकालात तर उलट वाक्य आहे, की दोघं एकत्र राहत होते आणि डीएनए नकारात्मक आला तरी कायदा नवऱ्यालाच बाप धरेल. २००१ आणि २०१४ दोन्ही दोन न्यायमूर्तींचे. कुणीही एकाला दुसऱ्यावर सरसकट वरचढ ठरवून दाखवू नये.

वकीलसाहेब_निपाणीकर

मान्य. पण जिल्ह्याच्या पातळीवर रिपोर्ट हातात आला की न्यायाधीश २०१४ कडे झुकतात, हे तुम्हीही मान्य करा.

तारीख_पुढची

करतो. म्हणून तर खरी लढाई चाचणीच्या अर्जावर होते.

आणि आता २८ जानेवारी २०२५. केरळचं प्रकरण, मूल २००१ चं. आई-बाप (लग्नाचे) २००३ पर्यंत एकत्र. मग आईचं म्हणणं की बाप दुसराच, महापालिकेच्या नोंदीत त्याचं नाव लावा. महापालिकेने कोर्टाचा हुकूम मागितला. दिवाणी दावा हरला, अपील हरलं, मग पोटगीच्या अर्जातून तोच मुद्दा पुन्हा उकरला. युक्तिवाद असा की औरसपणा वेगळा आणि पितृत्व वेगळं. नवऱ्याचं औरस मूल राहूनही जन्मदाता दुसरा शोधता येईल. सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. नॉन-अ‍ॅक्सेस सिद्ध होत नाही तोवर औरसपणा ठरला की पितृत्वही ठरलं. आणि ज्या तिसऱ्या माणसावर बोट ठेवलंय, त्याच्या खाजगीपणाचा हक्कही तराजूत घातला.

'एका माजी मुख्यमंत्र्यांना तर करायला लावली ना चाचणी' असं कुणीतरी म्हणणारच, म्हणून आधीच लिहितो. २०१२ चं ते दिल्ली उच्च न्यायालयातलं प्रकरण याच फरकावर उभं होतं, पितृत्व वेगळं आणि औरसपणा वेगळा. २०२५ नंतर तो आधार बराच खचलाय.

घाईत_आहे

मग आई अविवाहित असेल तर?

तारीख_पुढची

तर कलम ११६ चा प्रश्नच नाही, वैध लग्नच नाही. तिथे नेहमीचा पुरावा आणि डीएनए तुलनेने सहज. पोटगीसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ (जुनं १२५), त्यात औरस-अनौरस दोन्ही मुलांना हक्क आहे. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून साठ दिवसांत निकाली काढायचा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात किती लागतात ते माझ्या आयडीत लिहिलंय.

अनौरस मुलाची नैसर्गिक पालक आधी आई, मग बाप. ६ जुलै २०१५ च्या निकालानंतर अविवाहित आईला पालकत्वाच्या अर्जात बापाचं नाव उघड करण्याची सक्ती नाही, आणि जन्मदाखलाही तिच्या प्रतिज्ञापत्रावर द्यायचा.

खिडकी_क्रमांक_३

जन्मदाखल्याबद्दल मी लिहिते, कारण आमच्या नोंदणीच्या खिडकीवर निम्मी गर्दी त्यासाठीच असते.

जन्मनोंद २१ दिवसांत. २१ ते ३० दिवस विलंब शुल्क. ३० दिवस ते एक वर्ष जिल्हा निबंधकांची लेखी परवानगी. वर्षाच्या पुढे जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश. १ ऑक्टोबर २०२३ पूर्वी हे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे होतं. मुलाचं नाव नंतर घालायचं तर बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क, त्यापुढे पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून.

बापाचं नाव कसं येतं? दवाखान्याने पाठवलेल्या अहवालातून. दवाखान्यात भरती करताना ज्याने फॉर्म भरला त्याने सांगितलेलं नाव. निबंधक लग्नाची शहानिशा करत नाही. म्हणूनच हा दाखला जन्माचा चांगला पुरावा आहे, पितृत्वाचा मात्र कच्चा. नोंद आहे म्हणून कलम ११६ खोडलं जात नाही, आणि नोंद नाही म्हणून ते लागू व्हायचं थांबत नाही.

दुरुस्ती जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली. निबंधक मूळ नोंद खोडत नाही, समासात शेरा मारतो, सही-तारीख घालतो. 'सुरेश'चं 'सुरेंद्र', स्पेलिंग, आडनाव मागे-पुढे, हे शाळा सोडल्याचा दाखला, आधार, लग्नाचा दाखला दाखवून होतं. पण एक माणूस काढून दुसरा घालायचा असेल तर ती लेखनिकाची चूक नाही, तो पितृत्वाचा निर्णय आहे. तो खिडकीवर होत नाही. कौटुंबिक न्यायालयाचा हुकूम आणा. हुकुमात 'अमुक हा बाप आहे असं घोषित' एवढंच लिहून घेऊ नका. 'निबंधकाने नोंदणी क्रमांक अमुक, दिनांक अमुक यात दुरुस्ती करावी' हे वाक्यही मागा. ते नसलं की पुन्हा पत्रव्यवहार, पुन्हा अभिप्राय, पुन्हा सहा महिने.

राजपत्र म्हणजे तुम्ही स्वतःचं नाव बदलल्याची जाहिरात. त्याने बाप बदलत नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या शासकीय कागदांवर नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव हा क्रम आला; त्यानेही वडील कोण या प्रश्नाला धक्का लागत नाही. पासपोर्टला २०१६ च्या अखेरपासून आई किंवा बाप यांपैकी एकाचं नाव पुरतं. पॅन कार्डाला आई एकटी पालक असेल तर डिसेंबर २०१८ पासून बापाचं नाव सक्तीचं नाही. बरेच लोक नुसतं कार्ड मिळावं म्हणून पितृत्वाचा दावा लावायला निघतात, त्यांनी आधी हे बघावं.

शंकासुर

सावत्र वडिलांचं नाव लावायचं असेल तर? आईने पुन्हा लग्न केलंय, मूल लहान आहे.

तारीख_पुढची

आडनाव लावणं आणि बाप होणं वेगळं. आडनावाबाबत २८ जुलै २०२२ चा निकाल आहे: पहिला नवरा वारलेला असताना आई मुलाचं आडनाव ठरवू शकते, आणि कागदांवर 'सावत्र वडील' असा शिक्का मारायला लावणं कोर्टाला क्रूर वाटलं. पण सावत्र बाप कायदेशीर बाप होतो तो दत्तकानेच.

हिंदूंना दोन वाटा. १९५६ च्या दत्तक कायद्याखाली मूल पंधराच्या आतलं, प्रत्यक्ष देण्याघेण्याचा विधी, आणि शक्यतो नोंदणीकृत दत्तकपत्र. जन्मदाता बाप हयात असेल तर त्याची संमती लागते, फक्त तो संन्यासी, धर्मांतरित किंवा कोर्टाने वेडसर ठरवलेला असेल तर नाही. 'तो कुठे आहे माहीत नाही' हे या यादीत बसत नाही, आणि दत्तकपत्रं इथेच फुटतात. दुसरी वाट बालन्याय कायद्याची, सावत्र पालकाच्या दत्तकाचे २०२२ चे नियम, आणि आदेश आता कोर्ट नाही, जिल्हाधिकारी देतात.

बांधावरचा_वकील

जमिनीचं कुणीच काढलं नाही! पहिली बायको हयात, घटस्फोट नाही, तरी दुसरीशी लग्न लावलं, तिची दोन मुलं. लग्न शून्य, म्हणजे कायद्याने झालंच नाही. मुलं हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ ने औरस, पण फक्त आई-बापाच्या मालमत्तेपुरती. वडिलोपार्जितात काय, हा घोळ १ सप्टेंबर २०२३ च्या तीन न्यायमूर्तींच्या निकालाने सुटला.

हिशेब मांडतो. बारा एकर वडिलोपार्जित. बाप, पहिली बायको, तिचा एक मुलगा, एक मुलगी. बापाची आई हयात नाही. बाप वारला. त्याच्या मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटप झालं असं धरा: चौघांना तीन-तीन एकर. बापाच्या तीन एकरांचे वारस पाच, म्हणजे विधवा, मुलगा, मुलगी आणि दुसरीची दोन मुलं. प्रत्येकी २४ गुंठे. दुसरीला स्वतःला विधवा म्हणून काही नाही, कारण ती कायद्याने बायको नाही. आणि तिची मुलं उरलेल्या नऊ एकरांत हात घालू शकत नाहीत.

गावकामगार तलाठी काय करतात? गाव नमुना ६-क मध्ये वारस लावताना 'दुसऱ्या बायकोची मुलं' म्हणून वगळून टाकतात, नाहीतर सगळ्यांना सरसकट समान लावतात. दोन्ही चूक. फेरफारावर पंधरा दिवसांच्या नोटिशीत लेखी हरकत द्या, तोंडी सांगून निघून येऊ नका.

मांडवीकाठ

गोव्यात पुरावा कायदा तोच, पण कुटुंबाचा कायदा १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता आणि २५ डिसेंबर १९१० चे हुकूम. संहितेत आकडे वेगळे: लग्नानंतर १८० दिवसांनी आणि लग्न संपल्यावर ३०० दिवसांच्या आत जन्मलेलं मूल औरस. लग्नाबाहेरच्या मुलाला बाप जन्मनोंदीत, मृत्युपत्रात किंवा नोटरीपुढच्या दस्तात स्वीकारू शकतो, त्याला इथे 'परफिल्यासांव' म्हणतात. महत्त्व मोठं, कारण गोव्यात मुलांचा निम्मा वाटा मृत्युपत्राने हिरावता येत नाही. मूल ठरलं की तो वाटा पक्का.

पिपेट

दात्याच्या शुक्राणूंनी झालेल्या मुलाचं राहिलं. २५ जानेवारी २०२२ पासून सहाय्यक प्रजनन कायदा लागू आहे. उपचार घेणारं दाम्पत्यच जन्मदातं, दात्याचा हक्क शून्य, जबाबदारीही शून्य. इथे डीएनए करून 'मी बाप नाही' म्हणणाऱ्या नवऱ्याला कागद सांगतो, तू संमती दिली होतीस. म्हणून दवाखान्यातल्या संमतीपत्राची सहीची प्रत घरी ठेवा. सरोगसीत तर गर्भ घालण्याआधीच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून पालकत्व आणि ताब्याचा आदेश लागतो, आणि जन्मनोंदीला तोच वापरतात.

घाईत_आहे

मुस्लिम कायद्यात दत्तक नाही ना? मग?

वकीलसाहेब_निपाणीकर

दत्तक नाही, इकरार आहे. मुलाचा बाप दुसराच असल्याचं माहीत नसेल, आणि आई-बापाचं लग्न अशक्य नव्हतं, तर पुरुषाने 'हे माझं औरस मूल' असं कबूल केलं की ते औरस. एकदा केलेला इकरार मागे घेता येत नाही. पण दुसऱ्याचं म्हणून माहीत असलेलं मूल इकराराने आपलं होत नाही, तिथे तो दत्तकापासून वेगळा पडतो.

शंकासुर

शेवटचं. दावा लावायचा कुठे?

तारीख_पुढची

कौटुंबिक न्यायालय असेल तर तिथेच, १९८४ च्या कायद्याच्या कलम ७ मध्ये औरसपणाच्या घोषणेचा दावा नावानिशी आहे. नसेल तर हद्दीतल्या दिवाणी न्यायालयात. घोषणेच्या दाव्याला मुदत तीन वर्षं, हक्क नाकारला गेल्यापासून. सुनावणी बंद दालनात मागता येते, पहिल्याच तारखेला मागा. चाचणीचा अर्ज दाव्यासोबत लगेच जोडू नका. आधी नॉन-अ‍ॅक्सेसचे कागद दाखल करा, निदान स्वतःची सरतपासणी (आपल्या बाजूची साक्ष) होऊ द्या, मग अर्ज. उलट्या क्रमाने गेलात तर समोरचा वकील १९९३ चा निकाल टेबलावर ठेवतो आणि अर्ज त्याच दिवशी फेटाळला जातो.

खिडकी_क्रमांक_३

आणि हुकुमाची सही-शिक्क्याची प्रमाणित प्रत आणा, मोबाईलमधला फोटो नको. गेल्या धाग्यावर हे सांगूनही लोक फोटोच घेऊन येतात.